बापाचं ऐक

"अम्मा, तो खलबत्ता आत ठेव. धर्मात त्याला आधार नाही," शाबान म्हणाला.

सनिय्या पितळी खलबत्ता पोटाशी धरून उंबऱ्यातच थांबली. नाईलकाठच्या त्या गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिने कापली होती. सातव्या दिवशी मीठ उधळून, त्यांच्या कानाशी खलबत्ता कुटून 'आईचं ऐक, बापाचं ऐकू नको' असं बजावलंही होतं. शाबानला तर दोनदा बजावलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! आज त्याच्याच मुलाचा सातवा दिवस. आखातातून परतलेल्या लेकाने दोन मेंढे कापले, बाळाचं जावळ काढलं, नाव ठेवलं. आजीचा वाटा तेवढा उरला होता.

"शेखसाहेबच सांगू देत," ती म्हणाली.

गावच्या मशिदीचे शेख दसूकी जेवायला आलेच होते. तेही तिच्याच हातावर जन्मलेले.

"मावशी, मेंढा, जावळ, नाव ही पैगंबरांची शिकवण. खलबत्ता नि मीठ हा लोकांचा रिवाज. नुसती हौस म्हणून केलंस तर माझी हरकत नाही. पण त्याने पोर वाचतं असं मानलंस, तर अल्लाचं काम मिठाला दिल्यासारखं होईल. सांग, हौसच ना?"

"हो म्हणा की," सुनेने हळूच ढोसलं.

एका शब्दाचं तर काम होतं. पण सनिय्याला तिचा पहिला मुलगा आठवला. सहाव्या रात्री गेला. सातवा दिवस उजाडलाच नाही, खलबत्ता वाजला नाही, त्याला नावही मिळालं नाही. त्यानंतर ती प्रत्येक पोरासाठी जीव तोडून कुटत आली होती.

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "मी भीतीने कुटते. धर्माचं विचारलंस, आता खोटं कसं बोलू?"

शेखांनी मान खाली घातली. "मग राहू दे, मावशी."

शाबान पाहुण्यांना बसवायला वळला. भात, रोटी नि मटणाच्या फत्त्याची परात आली, माणसं जेवायला बसली. सनिय्या मागच्या खोलीत जाऊन बसली. भरल्या घरात तिला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

भिंतीपलीकडे बाळ रडू लागलं. तिचा हात सवयीने बत्त्याकडे गेला. डोक्यावरची काळी ओढणी काढून तिने ती खलबत्त्यात कोंबली आणि वर बत्ता टेकवला. आवाज झाला नाही.

"बापाचं ऐक, राजा," ती पुटपुटली. "बापाचंच ऐक."