दहा एमबीच्या आत

फिजाने चौथ्यांदा मेल पाठवला आणि चौथ्यांदा तो परत आला. फाइल मोठी आहे, म्हणे. मोठीच होती. पण तिच्यात आहे काय, हे बघायची पेणच्या ऑफिसात कुणाला गरज वाटत नव्हती, आणि फिजाचं डोकं त्यावरूनच तापलं होतं.

रोह्याच्या त्या कारखान्यात सेफ्टीचं काम तिच्याकडे. सकाळी पंप सांभाळणारे जनूकाका तिला हाताला धरूनच तीन नंबरच्या पंपापाशी घेऊन गेले होते. अ‍ॅसिडच्या पाइपाच्या जोडातून केसाएवढी वाफ सुटत होती. मध्येच दिसायची, मध्येच नाही. तिने दीड मिनिट मोबाइल धरून व्हिडिओ काढला, तो एकशे ऐंशी एमबीचा झाला.

"लाइन बंद करायला लाव गो," जनूकाका म्हणाले. "आज डबल शिफ्ट हाय माजी. दिसभर ह्याच जोडाखाली उभा ऱ्हायाचाय."

"करते काका. तुम्ही जरा लांबच राहा."

"लांब राहून पंप कोन बघंल?"

अ‍ॅसिडची लाइन बंद करायची तर पेणच्या ऑफिसातून मॅनेजर आदर्शसरांचा लेखी हुकूम लागे. मागे एकाने न विचारता बंद केली, तर त्यालाच घरी बसवलं. आणि सरांचा नियम असा, की पुरावा मेलवर हवा, दहा एमबीच्या आत. व्हॉट्सअ‍ॅप नको, लिंक तर नकोच.

शेवटी तिने व्हिडिओ दाबून दाबून आठ एमबीवर आणला. आता पाइप कुठला आणि भिंत कुठली तेच कळेना. वाफ तर पार पुसून गेली. मेल मात्र झटकन गेला, आणि उत्तरही झटकन आलं: "यात काही दिसत नाही. लाइन चालू ठेवा."

तिने फोन लावला. "सर, मूळ व्हिडिओ बघा. लिंक पाठवते."

"लिंक चालत नाही, माहीत आहे ना? तुकडे करून पाठव."

तिने वीस तुकडे केले. वीस मेल. प्रत्येक वेळी काचेतून तिला जनूकाकांची पिवळी टोपी त्या जोडाखाली हलताना दिसत होती. अर्ध्या तासाने सरांनी लिहिलं, "एवढे मेल एकदम पाठवू नयेत. इनबॉक्स भरतो."

माणूस तिथे उभा आहे आणि ह्याला इनबॉक्सची पडली आहे.

तेवढ्यात सगळ्या स्टाफला एक मेल आला, आदर्शसरांचाच. "वार्षिक संमेलनाचे व्हिडिओ. सर्वांनी बघावेत, आपलेही टाकावेत." खाली लिंक. फिजाने उघडली. काळा गॉगल लावून सर नाचत होते. तीन जीबी नाच.

ती हसली नाही. त्याच फोल्डरमध्ये, सरांच्या नाचाशेजारी, तिने आपला एकशे ऐंशी एमबीचा व्हिडिओ टाकला. मग कारखान्याच्या मालकीणबाईंपासून शिपायापर्यंत सगळ्यांना उत्तर लिहिलं: "आमचाही एक टाकला आहे. आज सकाळचा, तीन नंबरचा पंप. त्याखाली आत्ता जनूकाका उभे आहेत."

दहा मिनिटांत मालकीणबाईंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, लाइन बंद करा, आधी त्या माणसाला बाजूला घ्या. त्यांच्या मागोमाग आदर्शसरांचा फोन.

"तो फोल्डर संमेलनासाठी होता. कुणाला विचारून टाकलंस?"

"आपलेही टाकावेत, असं तुम्हीच लिहिलंत सर."

पाइप रिकामा करून फिटरने जोड उघडला. आतली गॅस्केटची रबरी चकती अख्खी निघालीच नाही, भिजलेल्या पावासारखे तिचे तुकडे पडले. जनूकाकांनी हातमोज्यावर एक तुकडा घेतला आणि अंगठ्याने दाबून बघितला.

"संध्याकालपत्तूर टिकला नसता गो ह्यो," ते म्हणाले.

फिजाने त्या तुकड्याचा फोटो काढला, मागे काकांचा चेहरा येईल असा. दोन एमबीचा झाला. तिने तो पेणला पाठवून दिला आणि खाली लिहिलं, "सर, हा दहाच्या आत आहे. आता दिसतंय का?"