बारा भुंगेऱ्यांची पुढची पावलं

मी मूळची घड्याळं दुरुस्त करणारी. पण आता घड्याळं कोण दुरुस्त करून घेतंय? दुकान बंद पडलं, आणि बावन्नाव्या वर्षी मला संग्रहालयात काम मिळालं: टाचणीवर टोचून ठेवलेल्या जुन्या किड्यांचे मोडलेले पाय, तुटलेल्या मिशा चिकटवायच्या. तीन महिन्यांत जमलं तर कायम, नाही तर घरी. माझ्या हातांना जमेल असं हे एकच काम उरलं होतं, म्हणून मी जीव ओतत होते.

शेवटच्या आठवड्यात माझ्यापुढे एक खण आला. शेणाचा गोळा करून ढकलत नेणारे बारा काळे भुंगेरे. बघते तर काय, एकाच्याही पुढच्या पायांना पावलं नाहीत! मधल्या-मागच्यांना आहेत, पुढचे मात्र नडगीशीच संपलेले. माझ्या आधीच्या माणसाला मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. सुट्या पायांच्या डबीतून जुळणारी चोवीस पावलं शोधली आणि चार दिवस खपून चिकटवली. काय सांगू, स्वतःवरच खूश होते मी.

मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. तीस वर्षं किड्यांत काढलेली, जिभेला धार असलेली बाई. त्यांनी भिंग लावलं आणि खण उजेडाकडे फिरवून एकेक पाय तपासला.

"ही पावलं कुठून आली?"

"मी लावली," मी ऐटीत म्हणाले.

"अहो, या जातीला पुढची पावलं नसतातच! ओळखायची खूणच ती!"

बाराच्या बारा! मी चिमटे पिशवीत भरायला लागले.

"चिकटवलंय कशाने?"

"साध्या डिंकाने. ओल्या कुंचल्याने सुटतो. आम्हा घड्याळवाल्यांची सवय, परत उघडता येणार नाही असं काही बंद करत नाही."

मॅडमनी सुस्कारा सोडला, स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारीच बसल्या. "काढा मग."

मी एकेक पाऊल सोडवत गेले, त्या दाखवत गेल्या. डोक्याच्या पुढच्या कडेला सहा दाते. पुढच्या नडग्या रुंद, दातेरी, माती उकरायला. मिशांच्या टोकाला पापुद्रे, उघडले की पंखाच. मागचे पाय लांब आणि बाकदार, गोळा धरायला. चार दिवस मी याच किड्यांवर वाकले होते आणि यातलं काहीही बघितलं नव्हतं!

"आधीचा माणूस नऊ वर्षं होता," शेवटचं पाऊल निघाल्यावर मॅडम म्हणाल्या. "पावलं नाहीत हे त्याच्या कधी लक्षातही आलं नाही. आणि तुमचा जोड मला भिंगातूनही सापडेना. क्षणभर वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. यापुढे काही तुटलेलं दिसलं, की आधी मला हाक मारायची. मी आहे, आणि आता तुम्हीही इथेच आहात."

मी एरवी रडणाऱ्यातली नाही. पण एवढा घोळ घातल्यावरही या बाईने मला शेजारी बसवून शिकवलं, वर ठेवूनही घेतलं. आभार मानायला तोंड उघडलं आणि हुंदकाच फुटला. मॅडमनी आधी भुंगेऱ्यांचा खण माझ्यापासून लांब सरकवला, मग रुमाल दिला.