मास्त

"बरणीला कुणी हातच लावलेला नाही," बोसिल्काने बरणी नवऱ्याच्या नाकासमोर धरली. "रविवारी माझं बोट बुडालं होतं, ती खूण तशीच आहे. आज गुरुवार. मग दुन्याला रोज काय चोपडतोयस?"

सर्बियातल्या निश शहराच्या बसमध्ये एकोणीस वर्षं तिकिटं तपासणारी बाई ती. सख्ख्या बापाचा पासही उलटून बघायची. चार वर्षांच्या लेकीच्या, दुन्याच्या, कोपरांत इसब उठलं, डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, आणि हिने ‘हॉर्मोन’ हा शब्द ऐकला तेव्हाच ठरवलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. पोरीची कातडी कागद होईल, मिशा फुटतील, असं शेजारणींनी डोक्यात भरवलंच होतं. "पातळ लावा, आठवडाभर, मग दाखवा," बाई सांगत होत्या आणि ही नुसती मान डोलावत होती. ट्यूब गेली कपाटावर. सासूने डुकराच्या चरबीत पिवळी फुलं कढवून बरणी भरून दिली. पोर रक्त येईतो खाजवायची, म्हणून झोपताना तिच्या हातांवर मोजे बांधायचे. असं वर्ष गेलं. या आठवड्यात तिची पाळी बदलली आणि चोपडायचं काम नवऱ्याकडे, मिलुतिनकडे, आलं.

मिलुतिनने खिशातून ट्यूब काढली. "कामावर जाताना तू काय सांगतेस? ‘मास्त लाव.’ चरबी ती मास्त, मलम तेही मास्त. वाच, छापलंय."

"मला शब्दात पकडतोस?"

"अगं, तू गावभर सगळ्यांना पकडतेस. मी एकदाच पकडलं."

तिला हसू आलं नाही. सासूच्या फुलांनी गुण आला, असं ती मंगळवारपासून अख्ख्या डेपोत मिरवत होती. दुन्याला खिडकीशी नेऊन तिने बाह्या वर केल्या, कोपरं दाबून पाहिली, मिशा फुटल्यात का म्हणून पोरीच्या ओठांवर बोट फिरवलं. काही सापडलं नाही. कातडी गुळगुळीत होती. मग तिला स्वतःचाच राग आला.

"उद्यापासून मीच लावीन," ती म्हणाली. "तुझा भरवसा नाही. जास्त चोपडशील."

एवढ्यात दुन्या धुतलेले मोजे घेऊन आली आणि सवयीने दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.

"नको गं राणी. आज पायात घालू."

बोसिल्का जमिनीवर बसली. मोजा चढवला, ओढला, पुन्हा ओढला. तो टाचेच्या वर येईना. वर्षभरात पाय वाढला होता.