कासा समुंदरचा फ्रीझर

मी एक जुना फ्रीझर आहे, मित्रांनो, आणि माझ्यामुळे एक बाई जिवाला मुकली. देवरीच्या एका दुकानात आज माझ्या पोटात मोहफुले भरून ठेवतात. उंदीर शिरत नाहीत, एवढाच माझा उपयोग उरला आहे.

२००५ साली कारखान्यातून मी थेट गोंदियाच्या ‘कासा समुंदर’ या बड्या हॉटेलात आलो. मालक इंद्रकुमार शेठ. समुद्रापासून इतक्या दूर मेक्सिकन पद्धतीची समुद्री मासळी खाऊ घालायची टूम त्यांनी काढली होती. भिंतींवर रुंद काठांच्या टोप्या, टेबलांवर पांढरेशुभ्र कापड आणि दारातून शिरताच समोर मी. माझे झाकण काचेचे, आत दिवा, बर्फावर मांडलेली कोळंबी नि सुरमई. लोक वाकून बघत, ‘वा!’ म्हणत. मीही भाव खात असे.

आचारी सुकराम अर्जुनी मोरगावचा. तिकडच्या तलावातली ताजी रोहू आणतो म्हणाला, तर शेठ हसले, “वो तो लोग घर में भी खाते हैं.”

मग लोडशेडिंगचे दिवस आले. तासन् तास वीज जाई. शेठनी जनरेटर आणला. त्यावर पंखे, हॉलचे दिवे आणि माझ्या आतला दिवासुद्धा जोडला. गार करणारी मोटर मात्र जोडली नाही, ती त्याला झेपत नव्हती. माझ्यातला बर्फ वितळत असे आणि मी वरून झगमगत असे. मला लाज वाटे, पण फ्रीझरला तोंड कुठे असते?

२००७च्या मे महिन्यात एका दुपारी सुकराम म्हणाला, “शेठ, सुरमई नरम पडून राहिली. फेकून देऊ.”

“निंबू में सब चल जाता है,” शेठ म्हणाले. सेविचे हा त्यांचा खास पदार्थ होता. कच्च्या मासळीचे तुकडे लिंबाच्या रसात मुरवायचे, आगीवर ठेवायचेच नाहीत.

त्याच दुपारी रश्मी आईला घेऊन आली. तिला शाळेत नोकरी लागली होती. आई कुसुमबाईंनी दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, धानाची रोवणी करून तिला शिकवले होते. बाजारात कल्ला उघडून बघितल्याशिवाय मासळी न घेणारी ती बाई.

सेविचे आले. कुसुमबाईंनी तुकडा नाकाजवळ नेला.

“रश्मी, वास येऊन राहिला ना वो?”

“समुद्राची आहे, आई. तिले वास असतेच.”

समुद्राची मासळी आपल्याला काय कळते, असे त्यांना वाटले असावे. शिवाय लेकीचा आनंद मोडायचा नव्हता. त्यांनी सगळे खाल्ले. रश्मीने कौतुकाने आपली बशीही त्यांच्याकडे सरकवली. मी समोर उभा राहून बघत होतो.

संध्याकाळपासून कुसुमबाईंना उलट्या-जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आईचा जलदान विधी उरकून रश्मी हॉटेलात आली. शेठ मागच्या दाराने निघून गेले. सुकराम मात्र तिच्यासमोर उभा राहिला. “मले मालूम होतं, बाई. मी शेठले बोललो. पण बशी अडवली नाही.”

ती ओरडेल असे मला वाटले होते. ती खुर्चीवर बसली नि हळूच म्हणाली, “आईनं विचारलं होतं, दादा. अन् मी तिले माझ्या वाट्याचंही चारलं.”

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. पण जेवायला बसलेले माणूस ‘वास येतो’ म्हणाले, तर हॉटेल कितीही मोठे असो, ताट बाजूला करा. कुसुमबाईंचे नाक खरे होते. त्यांनी लेकीवर विश्वास ठेवला.