सकाळी मेलेला पोर्ट

तुम्ही खोटं लिहिलंत. पोर्ट जळाला नव्हता, आणि मी तो जाळला नव्हता. तुमच्या माणसाने आमच्याकडे येऊन चहाचा कप खाली ठेवायच्या आत निकाल दिला, तुम्ही त्याच्याखाली सही ठोकलीत, आणि आता केंद्र आमच्या गावातून उचलून चारोटीला न्यायचं म्हणता. कारण काय, तर ‘केंद्रचालक तुळशी हिच्या हलगर्जीपणामुळे संगणकाचे नुकसान झाले’. ती तुळशी मी. काय झालं ते सांगते. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणूनच सांगते.

तलासरीहून उधव्याच्या रस्त्याला लागलं की आत, डोंगराच्या आड आमचं गाव. फोन लावायचा तर शाळेमागच्या खडकावर चढावं लागतं. केंद्र म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पडवीला लागून असलेली खोली. पंचायतीकडून आलेली केबल भिंतीवरच्या डब्यात शिरते, आणि डब्यातून एक निळी वायर संगणकाच्या पाठीत. पाठीतल्या ज्या चौकोनी भोकात ती वायर खटकन बसते, तो पोर्ट. या मशिनला वायफाय नाही. तुम्हीच तसं दिलंत. म्हणजे पोर्ट बंद तर सगळंच बंद.

त्याच मशिनमध्ये दोन सिस्टिम आहेत. चालू केलं की काळ्या पडद्यावर विचारतं, उबंटू की विंडोज. सकाळी उबंटू, कारण मुलींचे बारावीचे धडे त्यात आहेत. दुपारी विंडोज, कारण दाखल्यांसाठी अंगठा लावायचं यंत्र फक्त विंडोजला ओळखतं. ही व्यवस्थासुद्धा तुमचीच.

मुली म्हणते, पण त्यात हर्षदा आहे, जी कडेवर पोर घेऊन येते. दहावीनंतर लग्न झालं, आता बारावी करतेय. तिच्या सासूला आमची पडवी आपल्या ओट्यावरून दिसते, म्हणून ती सुनेला सोडते. चारोटी म्हणजे हायवे, ट्रक, ढाबे आणि दोन वेळा वाहन बदलणं. तिथे केंद्र नेलंत की हर्षदाची बारावी संपली. तिची आणि तिच्यासारख्या बाकीच्यांची. हे तुम्हाला कळत नसेल असं मी धरत नाही.

आता तुमचा आरोप. तुम्ही म्हणता, मी प्लग ओढून ओढून मशिन बिघडवलं.

ओढत होतो. आमच्याकडे सगळेच ओढतात. भात कापणीला आलं की दुपारनंतर आभाळ गडगडतं. शेजारच्या शुक्राच्या ताडावर वीज पडली तेव्हा त्याचा टीव्ही, पंखा, मीटर, सगळं काळंठिक्कर पडलं. टीव्हीचं बटण बंद होतं, तरी. तेव्हापासून पाड्यावर बटणावर कुणाचा विश्वास नाही. खोलीतून निघायचं तर प्लग उपसायचा आणि वायर खिळ्याला टांगायची. माझे सासरे बाबल्या, त्यांना मी मामा म्हणते, ते तर निजायच्या आधी घरभर फिरून प्लग तपासतात.

मग तुम्ही यूपीएस पाठवलात. चांगलं केलंत. पण तो बसवणाऱ्याने भिंतीतल्या प्लगला आणि यूपीएसच्या बटणाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, वर सही केली आणि बजावलं, “हा प्लग आता काढायचा नाही. वरून हुकूम आहे. वारंवार काढला की मशिन खराब होतं.”

मामा म्हणाले, “आणि वीज पडली तर?”

“म्हणून तर यूपीएस दिलाय, बाबा.”

“त्याच्यावर पडली तर?”

तो हसला आणि गेला. आम्ही हुकूम पाळला. मामांना मी त्या खोलीत रात्री जाऊच दिलं नाही.

त्यानंतर सकाळी नेट यायचं बंद झालं. उबंटू चालू व्हायचं, धडा उघडायचा नाही. वायरचं चिन्हच दिसायचं नाही. दुपारी विंडोज लावलं की नेट सुरळीत, दाखले निघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत मेलेलं. मी तुमच्या ऑफिसला खडकावरून फोन करून हेच सांगितलं. सकाळी मरतो, दुपारी जगतो.

तुमचा इंजिनिअर आला तो सकाळी. उबंटू चालूच होतं. त्याने सेटिंग उघडलं, वाकून पोर्टकडे बघितलं, तिथला छोटा दिवा लागलेला नव्हता. म्हणाला, “जळाला.”

मी म्हटलं, “दुपारी चालतो, साहेब. विंडोज लावून बघा.”

“पोर्ट काय हाफ डे भरतो काय?” तो म्हणाला. बरोबर आलेला ड्रायव्हर हसला. मग त्याला भिंतीतला खिळा दिसला. “हे काय?”

“प्लग टांगायचो त्यावर. आधी.”

एवढंच त्याला पुरलं. त्याने विंडोज लावलंच नाही. दोन मिनिटांचं काम होतं. बाहेर जाऊन फोनवर सांगितलं की ऑपरेटर प्लग ओढते, पोर्ट गेलाय.

तुमचा कागद हातात पडला आणि मी डहाणू रोडला गेले. स्टेशनजवळ जतीनचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो वरोरचा, तोंडाचा फटकळ, पण मशिन उघडल्याशिवाय मत देत नाही. त्याला बाइकवर मागे बसवून आणला म्हटलं तरी चालेल, कारण घाट बघून तो बाइक माझ्याच हातात देऊन बसला.

“बेन, तुमच्याकडे नेट येतं हेच नवल आहे,” खोलीत शिरताना तो म्हणाला. “रस्ता तर येत नाही.”

त्याने आधी निळी वायर बदलली. नाही. डब्याच्या दुसऱ्या भोकात लावली. नाही. मशिन चालू होताना येणाऱ्या निळ्या पडद्यात शिरला, तिथे पोर्ट बंद केलेला नव्हता. मग उबंटूत काळी खिडकी उघडून मशिनमधल्या सगळ्या भागांची नावं काढली. आवाजाचं कार्ड होतं, पडद्याचं होतं. नेटवर्कचं नव्हतं.

“यादीतच नाही,” तो म्हणाला. “नुसता ड्रायव्हर, म्हणजे पोर्ट चालवणारा प्रोग्राम, बिघडला असता तर नाव तरी दिसलं असतं. इथे रेशनकार्डावरून नाव कापल्यासारखं आहे.”

“म्हणजे जळाला?” मी विचारलं.

“थांबा. आता विंडोज लावतो.”

विंडोज आलं, आणि पोर्टचा दिवा लुकलुकला. नेट धो धो.

जतीनने डोकं खाजवलं. विंडोज बंद केलं, परत उबंटू लावलं. दिवा गेला. नाव गेलं. “हा तर माहेरी बोलतो आणि सासरी तोंड उघडत नाही,” तो म्हणाला.

पडवीत हर्षदा पोराला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, “मग आमच्यातलाच आहे तो.”

जतीन हसला आणि बॅगेतून एक छोटं यंत्र काढलं. “हे बघा, हे यूएसबीत लावायचं, वायर यात घालायची. पोर्ट गेला खड्ड्यात. दोन्ही सिस्टिममध्ये नेट चालेल. आत्ता लावून देतो.”

हर्षदा उठून दारात आली. तिला धडा हवा होता. मलाही हवा होता. पण मी नाही म्हटलं.

“का?” जतीन म्हणाला.

“हे लावलं म्हणजे पोर्ट जळालाय हे मी कबूल केलं. उद्या ते येतील, हे बघतील, म्हणतील, बघा, बाईने जाळला आणि वरून झाकला. केंद्र जाईल ते जाईलच.”

“बेन, तुम्हाला नेट पाहिजे की न्याय पाहिजे?”

“नेट न्यायामुळेच अडलंय ना आता.”

त्याने यंत्र बॅगेत टाकलं आणि परत खटपटीला लागला. त्याने सगळं करून बघितलं. पेन ड्राइव्हमधून ड्रायव्हर घातला, काही नाही. शेवटी वैतागून त्याने विंडोजमध्ये काहीतरी बघितलं, ते बंद केलं आणि पाय मोकळे करायला पडवीत आला. मशिन बंद होतं. तेवढ्यात डोंगरामागे गडगडलं.

मामा शेतातून कोयता घेऊन तसेच आले आणि थेट खोलीत घुसले. मी उठायच्या आत त्यांनी भिंतीतला प्लग धरून ओढला. चिकटपट्टी टरकन फाटली. यूपीएस टीं टीं करायला लागला.

“हा का रडतो आता?” मामा म्हणाले, आणि बटणावरची पट्टी नखाने उपसून त्याचंही तोंड बंद केलं.

मी कपाळाला हात लावला. “मामा, सील होतं ते. आता तेच पुरावा म्हणून दाखवतील.”

“वीज काय सील बघून पडते?”

“पण हुकूम आहे ना.”

“हुकूम त्यांचा आहे. घर माझं आहे.” त्यांनी वायर खिळ्याला टांगली आणि पाय धुवायला गेले.

मी रडले नाही. पण जतीनकडे बघायची लाज वाटत होती, कारण त्याचा दिवस गेला होता आणि माझी बाजू अजून कमकुवत झाली होती. चहा झाला. दोन-चार विजा कडाडल्या आणि आभाळ वसईकडे सरकलं. जतीन म्हणाला, “निघायच्या आधी एकदा लावून बघतो, मग सामान आवरतो.”

प्लग लावला, यूपीएस लावला, उबंटू लावलं. पोर्टचा दिवा लागला. वायरचं चिन्ह वर आलं.

जतीन म्हणाला, “ड्रायव्हर बसला वाटतं.” पण त्याचं त्यालाच पटलं नाही. त्याने विंडोज लावलं, बंद केलं, प्लग तसाच ठेवून उबंटू लावलं. दिवा गेला. मग मशिन बंद केलं, यूपीएससकट सगळी वीज तोडली, थोडं थांबला, परत जोडून उबंटू लावलं. दिवा आला. परत तेच केलं. परत तेच झालं. मग तो खुर्चीत मागे टेकला आणि हाक मारली, “ओ मामा, इकडे या.”

मामा ओल्या पायांनी आले.

“तुम्हीच चालवत होता हे केंद्र. बेन नाही.”

मग त्याने समजावलं. मी समजले तसं लिहिते. विंडोज बंद केलं तरी ते पुरतं बंद होत नाही. दुसऱ्या दिवशी लवकर उठता यावं म्हणून ते अर्धवट झोपतं. झोपताना पोर्टलाही झोपवतं, आणि त्याला परत उठवायचं कसं हे विंडोजलाच ठाऊक. सकाळी उबंटू येतं, हाका मारतं, पोर्ट ऐकत नाही. पण मशिनची वीज मुळापासून तुटली की झोपवलेलं सगळं पुसलं जातं आणि पोर्ट नव्याने उठतो. आम्ही रोज संध्याकाळी प्लग उपसत होतो, म्हणून रोज सकाळी पोर्ट जिवंत होता. तुमच्या चिकटपट्टीने तो झोपेत कोंडला.

“म्हणजे माझं बरोबर होतं,” मामा म्हणाले.

“यात बरोबर होतं,” जतीन म्हणाला. “विजेचंही बरोबरच आहे. पण चालू मशिनचा प्लग नका ओढू, त्याने मात्र खरंच वाट लागेल.”

“चालू कुठे होतं? मी बघून ओढला.”

मग जतीनने विंडोजच्या सेटिंगमध्ये शिरून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाच्या ओळीसमोरची खूण काढली. एक खूण. त्यानंतर प्लग ओढायचीही गरज राहिली नाही. विंडोज बंद करा, उबंटू लावा, दिवा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदाने धडा उघडला, तो उघडला. तिने अर्थशास्त्राचे राहिलेले दोन धडे एका बैठकीत संपवले, पोर तिच्या पायाशी निळी वायर चघळायला बघत होतं.

हे सगळं मी तुमच्या ऑफिसला सांगितलं. उत्तर नाही. आलं ते वाहन, मशिन न्यायला.

तुमचा तोच इंजिनिअर उतरला. आत हर्षदा धडा ऐकत होती. उबंटू चालू, वायर लावलेली, दिवा लुकलुकतोय. मी म्हटलं, “बघा.”

त्याने बघितलं. मागे जाऊन वाकून बघितलं. वायर काढली, धडा थांबला. वायर घातली, धडा चालू झाला. त्याचा चेहरा पडला, हे मी स्वतः पाहिलं. मग त्याची नजर यूपीएसवर गेली.

“सील तुटलंय,” तो म्हणाला.

“हो, माझ्या सासऱ्यांनी तोडलं. त्यामुळेच कळलं. पोर्ट चालतोय की नाही ते बोला.”

“ताई, अहवाल वर गेलाय. त्यात जळाला असं आहे. मी काय करू?”

“जे दिसतंय ते लिहा.”

“तसं नसतं. माझा अहवाल मीच खोटा कसा ठरवू? आणि नवीन केंद्राची खोली बघून झालीय चारोटीला.”

हे बोलून गेल्यावर त्याला कळलं की तो काय बोलला. ड्रायव्हर वायरी गोळा करायला लागला होता, त्याला मी थांबवलं. म्हटलं, मशिन न्या, मी अडवणार नाही. फक्त या कागदावर लिहा की आज मी स्वतः पाहिलं, पोर्ट जळालेला आहे. खाली सही करा. हर्षदा हेडफोन गळ्यात घेऊन बघत होती. मामा दारात होते. इंजिनिअरने पेन काढलं, कागदावर ठेवलं, आणि परत खिशात घातलं. वाहन रिकामं गेलं.

पण तुमचा आदेश अजून उभा आहे. महिनाअखेरीस केंद्र बंद, असं त्यात लिहिलंय. माझं नाव त्यात आहे, हलगर्जी म्हणून. ज्याने चिकटपट्टी लावायला सांगितली त्याचं नाव कुठेच नाही. ज्याने विंडोज लावून बघितलं नाही त्याचंही नाही. चारोटीची खोली कुणाची आहे, ती अहवालाच्या आधी बघितली की नंतर, हे मी विचारतच नाहीये. ते गावातले लोक वेगळं विचारतील. माझा प्रश्न एवढाच आहे, आणि त्याला तीन ओळींचा शासकीय मजकूर नको.

पोर्ट जळालाय की चालतोय? एका शब्दात लिहा, आणि खाली तुमचं नाव लिहा.