दोघींची पाटी

घराला रंग देणाऱ्याने पाटी काढून पायरीजवळ टेकवून ठेवली, ब्रश धुतले आणि पाटी लावणं आपल्या कामात बसत नाही असं सांगून तो निघून गेला. जुन्या खिळ्यांची भोकं मात्र त्याने नीट बुजवली होती. पाटी दाराच्या वर नेमकी कुठे होती, हे आता भिंतीवरून कळत नव्हतं.

पाटी जाड लाकडाची, चांगली जड. तिच्यावर थोरल्या बहिणीने स्वतः कोरलेला एकच शब्द होता, ‘दोघी’. थोरली शाळेत चित्रकला शिकवायची, धाकटी घरी शिवणकाम करायची. दोघींनीही लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर थोरली सांगायची, पाटीवर जागा उरली नाही. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. धाकटीचं डोकं पांढरंशुभ्र झालं तरी गल्लीत तिला सगळे अजून धाकटीच म्हणत.

भाच्याने एक नवी पाटी पाठवली होती. चकचकीत, तळहाताएवढी, धाकटीच्या एकटीच्या नावाची, मागे चिकटटेप लावलेली. आत्याने या वयात स्टुलावर चढू नये आणि ‘दोघी’ वाचून कुणी नसते प्रश्न विचारू नयेत, असं त्याचं म्हणणं. फोनवर धाकटी हो हो म्हणाली, ती पाटी बटणांच्या खणात टाकली आणि पिशवी घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेली. थोरलीचीच पाटी लावायची, आपल्या हाताने लावायची आणि या वेळी सरळ लावायची, असं तिने ठरवलं होतं.

कारण पाटी कधी सरळ लागलीच नव्हती. दर रंगकामानंतर धाकटी स्टुलावर पाटी धरून उभी राहायची आणि थोरली रस्त्यापलीकडून सांगायची, वर घे, खाली घे, अजून थोडं. तिच्या पसंतीला उतरली की धाकटी पाटीवर पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून बघायची. दर वेळी डावं टोक किंचित खाली. तुझ्या नजरेलाच बाक आलाय, धाकटी म्हणायची. तुला बाटलीपलीकडचं काही दिसत नाही, थोरली म्हणायची. आणि खिळे थोरलीच्या म्हणण्याप्रमाणेच ठोकले जायचे.

दुकानदाराने आधी भिंत कशाची ते विचारलं. वीट आणि वर गिलावा, हे कळल्यावर त्याने खिळ्यांचा डबा बाजूला सारला. खिळ्याने गिलावा फुटतो. चिकटटेपचं तिने विचारून पाहिलं.

“मावशी, टेप म्हणजे भाडेकरू,” तो म्हणाला. “जाईल तेव्हा रंग घेऊन जाईल.”

त्याने गंजणार नाहीत असे स्टीलचे स्क्रू काढले, त्यांच्या मापाचे प्लॅस्टिकचे प्लग काढले, आणि वस्तू सरळ बसली की नाही ते बुडबुड्यावरून दाखवणारी पाणसळ काढली. भोकात आधी प्लग, मग त्यात स्क्रू. स्क्रू आत गेला की प्लग फुगतो आणि विटेला धरून बसतो. मग पाटी धरायला घरी कोण आहे, असं त्याने विचारलं. धाकटी पाणसळीतला बुडबुडा इकडून तिकडे करत राहिली. तो काय समजायचं ते समजला आणि त्याने लांबट खाचांच्या दोन पट्ट्या पुढे ठेवल्या. पाटीच्या टोकांना त्या बसवल्या की पाटी लावल्यावरही स्क्रू सैल करून वरखाली सरकवता येते.

“एकट्याने काम करायचं तर चुकायला जागा ठेवावी,” तो म्हणाला, आणि ड्रिल मशीनही वापरायला दिलं.

घरी येऊन तिने वर्तमानपत्रातून पाटीचा आकार बेतला, ब्लाउज बेतावा तसा. तो कागद दाराच्या वर भिंतीला चिकटवून पाणसळीने सरळ केला आणि भोकांच्या जागी शिवणाच्या खडूने खुणा केल्या. भोक किती खोल पाडायचं ते कळावं म्हणून ड्रिलच्या पात्याला रंगीत दोरा गुंडाळला. काम छान जमलं. पाटी वर चढली आणि बुडबुडा अगदी मधोमध थांबला.

मग ती रस्ता ओलांडून थोरलीच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

पाटी वाकडी दिसत होती. शेजारीण भाजी घेऊन येत होती, तिला धाकटीने विचारलं. शेजारणीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, एकदम सरळ आहे म्हणाली आणि वर न बघताच पुढे गेली.

धाकटी परत स्टुलावर चढली. पाणसळ पाटीवर ठेवली, बुडबुडा मधोमध. मग तिने ती दाराच्या चौकटीवर आडवी धरली, आणि बुडबुडा उजवीकडे पळाला. घरच डावीकडे खचलं होतं, कोण जाणे कधीपासून. थोरली पाटी बाटलीला धरून नव्हे, घराला धरून लावत होती. एवढ्या वर्षांच्या भांडणात तिने हे एकदाही समजावून सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आणि धाकटी तेव्हा बाटलीकडे बघत असेल.

तिने डावा स्क्रू सैल केला, टोक जरासं खाली घेतलं, उतरली, रस्ता ओलांडला, पाहिलं. जास्त झालं होतं. परत आली. वर चढायचं, सरकवायचं, उतरायचं, पलीकडे जायचं. गुडघे कुरकुरायला लागले. सांगणारी आणि धरणारी एकच असली की असंच होतं.

शेवटी एकदा ती पलीकडे पोचली, वळली, आणि पाटी दारावर कायमची असावी तशी दिसली.

“थांब,” ती मोठ्याने म्हणाली. “आता हलवू नकोस.”

दाराखाली स्टूल रिकामं उभं होतं. स्क्रू घट्ट करायचा अजून राहिला होता. येणारी सायकल जाऊ देऊन धाकटी रस्ता ओलांडायला लागली.