खरा प्रेक्षक

“पुढचं वाच,” राडामेस म्हणाला आणि त्याने झुलत्या खुर्चीला टाचेने रेटा दिला.

क्रिस्पिनने फोन डोळ्यांपासून लांब धरला. राडामेसच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारी झालं होतं. डोळ्यावर कापूस चिकटवलेला होता आणि आठ दिवस फोनकडे बघायची बंदी होती. म्हणून रविवारी दुपारी व्हरांड्यात बसून, राडामेसच्या नव्या सिनेमाबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं काम क्रिस्पिनकडे आलं होतं.

“‘कस्टमची ती कडक बाई आणि कोंबडे चोरणारा हा जाड्या एका मोटरसायकलवर बसतात, तिथेच माझं तिकीट वसूल. आजी हसून हसून खुर्चीतून घसरली.’”

“कुठला आहे?”

“बानीचा.”

“बानीची माणसं कशालाही हसतात. पुढचं.”

“‘गोळ्या सुटतायत आणि ही दोघं दारातून आधी कोण जाणार यावर भांडतायत! लिहिणाऱ्याचं लग्न झालेलं असणार.’”

आत स्वयंपाकघरात राडामेसची बायको नेरेइदा मोठ्याने हसली. ईस्टरच्या आधीचे, लेंटच्या उपासाचे दिवस होते. ती राजम्याची गोड खीर ढवळत होती आणि दालचिनीचा वास बाहेरपर्यंत येत होता. क्रिस्पिनला ती कोंपाद्रे म्हणे, कारण तिच्या मुलीचा धर्मपिता तोच होता. त्याचा खिरीचा वाडगा ती न विचारता भरायची.

बावीस वर्षं राडामेस आणि क्रिस्पिन या जोडीने सांतियागोच्या आसपासच्या गावांतल्या जत्रा गाजवल्या होत्या. राडामेस जाड्या आणि क्रिस्पिन बांबू. जाड्या पडायचा, बांबू त्याच्याकडे नुसता बघायचा. पडण्याआधी क्षणभर थांबून लोकांकडे बघायचं, ही युक्ती बांबूची. या सिनेमाच्या दिग्दर्शकाने दोघांना बोलावलं आणि एकालाच घेतलं. सोबतीला बाई हवी होती, बांबू नको होता. क्रिस्पिनने तेव्हा राडामेसला मिठी मारली होती. “माझ्या वाटचंही खाऊन ये,” असंही म्हणाला होता.

मग एका बुधवारी दुपारच्या खेळाला तो एकटाच गेला. पडद्यावर राडामेस पडण्याआधी थांबला, त्याने लोकांकडे बघितलं, आणि अख्खं थिएटर हसत सुटलं. क्रिस्पिनच्या शेजारची बाई त्याच्या दंडावर थाप मारून हसली. परतताना शेअर टॅक्सीत, चार माणसांच्या मध्ये अंग चोरून बसल्या बसल्या, त्याने फोनवर काहीतरी लिहिलं. घराच्या कोपऱ्यावर उतरेपर्यंत ते पाठवूनही झालं होतं. खाली नाव घातलं होतं, ‘खरा प्रेक्षक’.

आता त्याचं बोट त्याच मजकुरावर होतं. त्याने तो सरकवून वर ढकलला.

“‘गाणी कमी असती तर बरं झालं असतं...’”

“एक राहिलं.”

“कुठलं?”

“ज्याला चारशे लोकांनी लाइक केलंय ते. वाच की.”

क्रिस्पिनने घसा खाकरला. “कशाला, राडामेस? कुणी रिकामटेकडा...”

“वाच.”

तो वाचू लागला. स्वतःचीच वाक्यं तोंडात कोरडी पडत होती. “‘जाड्याचं वय झालंय. नीट बघा, पडताना तो डावा खांदा चोरतो. पडायच्या आधीच घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसाला बघून हसू येत नाही, कीव येते. पुढच्या भागात कुणी तरणा घ्या.’”

खुर्ची तशीच झुलत राहिली.

“सिनेमा कंपनीतल्या पोरीने गुरुवारी फोनवर हेच वाचून दाखवलं मला,” राडामेस म्हणाला. “फार गोड आवाजात. राडामेससाहेब, लोकांचं असं म्हणणं आहे. दुसऱ्या भागाला पोर्तो प्लाताचा कुणी पोरगा घेतलाय.”

क्रिस्पिनने फोन मांडीवर पालथा ठेवला. तिसऱ्या घरातला रेडिओ कुणीतरी मोठा केला.

नेरेइदा दोन वाडगे घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

“ते लिहिणारा मला एकदा सापडू दे,” ती म्हणाली. “हा उकळता टोप त्याच्या डोक्यावर ओतते की नाही बघा. तीन रात्री झोपलेला नाही हा माणूस. विचारा ना त्याला, कोंपाद्रे. मला म्हणतो डोळा दुखतोय.”

“डोळाच दुखतोय,” राडामेस म्हणाला. “तू आत जा. खीर लागेल बुडाला.”

“लागू दे. कसली जात असते ही? आईने काय शिकवलं असेल?”

तिने वाडगा क्रिस्पिनच्या हातात दिला. वर दोन छोटी बिस्किटं ठेवली होती, त्याला आवडतात म्हणून. वाडगा गरम होता. तो धरवेना आणि खालीही ठेववेना.

“मी,” तो म्हणाला.

“काय मी?”

“ते मी लिहिलंय, नेरेइदा.”

ती हसायला गेली. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. राडामेसने खुर्ची पायाने थांबवली होती आणि तो उघड्या डोळ्याने अंगणातल्या नळाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं, आणि तेच तिला दिसलं असावं. तिने क्रिस्पिनच्या हातातला वाडगा काढून घेतला. आदळला नाही, सांडला नाही. आत गेली आणि मधलं दार लावून घेतलं. त्या घराचं मधलं दार क्रिस्पिनने कधी बंद पाहिलं नव्हतं.

“तुला माहीत होतं,” क्रिस्पिन म्हणाला.

“खांद्याचं जगात दोघांनाच माहीत आहे. मोकाच्या जत्रेत तू मला झेलायला चुकलास तेव्हाचं ते दुखणं. तिला मी मोटरसायकलवरून पडलो म्हणून सांगितलेलं.”

“मग मला वाचायला का बसवलंस?”

“तू वाचशील का ते बघायचं होतं. वाचलंस. एवढ्यावर माझं भागलं होतं.” राडामेसने कापसाच्या कडेला आलेलं पाणी मनगटाने टिपलं. “तिच्यासमोर बोलायची काय गरज होती?”

“मला सहन होत नव्हतं रे.”

“हो ना. तुला.”

क्रिस्पिन उठला. काय करायचं ते न सुचून त्याने फोन राडामेसच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. पायऱ्या उतरताना त्याला वाटलं, मागून काहीतरी ऐकू येईल, शिवी तरी. त्याने फाटकाची कडी काढली.

“क्रिस्पिन.”

तो वळला.

“ती आता तुला आत घेणार नाही. मी ओळखतो तिला, ईस्टरलासुद्धा नाही.” राडामेस खुर्चीचे दोन्ही हात धरून उठायच्या बेतात होता, पण उठला नाही. “डॉक्टरने चालायला सांगितलंय. बुधवारी तुझ्या कोपऱ्यापर्यंत येईन म्हणतो. आलो तर आलो.”